पलीकडचा विभाग

तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या अध्यापकाकडे जुने विद्यार्थी बहुधा तीन कारणांनी येतात. कुणाला कागदावर सही हवी असते, कुणाला नेट-सेटचे पुस्तक हवे असते आणि कुणाला घरच्यांची समजूत घालण्यासाठी एखादे वडीलधारे माणूस हवे असते. तिसऱ्या कारणासाठी येणाऱ्यांना नकार देणे सर्वांत अवघड, कारण ते आपल्या शब्दाला किंमत आहे असे मानून आलेले असतात. 2016 च्या डिसेंबरात नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या घरी अशीच एक विद्यार्थिनी आली होती. त्या संध्याकाळी आम्ही जे केले आणि जे करायचे टाळले, त्याविषयी हे लेखन आहे. ते इतकी वर्षे लांबणीवर पडले, कारण त्यात आमची बाजू फारशी चांगली दिसत नाही.

विद्यार्थिनी आमच्याकडून बी. ए. झालेली. पुढे अमरावती विद्यापीठाच्या पदव्युत्तर मराठी विभागात तिने प्रवेश घेतला होता. पहिले सत्र नुकतेच संपले होते. चहाचा कप तसाच हातात धरून ती म्हणाली, "सर, मले मराठी सोडून एम. बी. ए. ले जायचं हाये. आपल्याच विद्यापीठात. तुमी सांगतलं तर बाबा आयकतीन. मी सांगतलं तर म्हनतीन, पोट्टीनं अर्ध्यात सोडलं."

'आपल्याच विद्यापीठात' या शब्दांवर तिने दिलेला भर आम्हाला तेव्हा जाणवला होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. तिच्या लेखी ती कुठे दूर जात नव्हती. आवार तेच, तपोवनाजवळचे, पोहऱ्याच्या डोंगरांच्या पायथ्याचे. नांदगावहून निघणारी एस. टी. तीच. पदवीच्या कागदावर नाव त्याच विद्यापीठाचे, सही त्याच कुलगुरूंची. फक्त एका विभागाच्या दारातून बाहेर पडून दुसऱ्याच्या दारात शिरायचे. आमच्या लेखी मात्र ते देशांतर होते.

येथे थोडा व्यवहार सांगणे भाग आहे. एका विद्याशाखेतून दुसऱ्या विद्याशाखेत, झालेले शिक्षण जमेस धरून सरकता येईल, असा रस्ता आपल्या विद्यापीठांत फारसा नव्हताच. अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे झाले. वऱ्हाडचे जिल्हे त्याच्याकडे आले आणि जुन्या विद्यापीठाच्या रीतीही त्यांच्यासोबत आल्या. मराठीच्या विद्यार्थ्याला व्यवस्थापनाकडे जायचे असेल तर आधीचे वर्ष पुसून नव्याने पहिल्या वर्षाला बसायचे, आणि तेही राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. पात्रतेची अट उदार आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, खुल्या वर्गाला 50 टक्के आणि राखीव वर्गाला 45 टक्के गुण पुरतात. खरी चाळणी परीक्षेत आहे. 150 मिनिटांत 200 प्रश्न सोडवायचे. त्यांत तर्काचे 75, आकृत्यांवरच्या तर्काचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजी भाषेचे 50. मुंबई विद्यापीठाने 1965 मध्ये स्थापन केलेली जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था याच परीक्षेतून विद्यार्थी घेते, आणि तिथे टिकायला शेकड्यातल्या शेवटच्या एकाच्याही पुढे असावे लागते. आपल्या विभागाची स्पर्धा एवढी जीवघेणी नसली तरी नांदगावच्या मराठी माध्यमाच्या मुलीला त्या दोनशे प्रश्नांत कुठेही आपली भाषा भेटणार नव्हती.

आमच्या एका भाच्याचा मुलगा त्याच सुमारास अमेरिकेत बर्कलीला शिकत होता. तिथल्या हास व्यवसाय-विद्यालयाची तेव्हाची रीत ऐकून आम्ही चकित झालो होतो. विद्यार्थी आधी विद्यापीठात येई, दोन वर्षे इतिहास, गणित, जे हवे ते शिके आणि मग आतल्या आत त्या विद्यालयाकडे अर्ज करी. जागा थोड्या, मागणारे पुष्कळ. चांगले गुण असूनही अनेकांना नकार मिळे. (2024 पासून तिथेही पहिल्या वर्षापासूनच प्रवेश देऊ लागले आहेत.) पण त्या अर्जासोबत निबंध लिहून द्यावा लागे. तुम्हाला हे का शिकायचे आहे, हे विद्यार्थ्याला आपल्या शब्दांत मांडावे लागे आणि कुणीतरी ते वाचत असे. आमच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न कुठल्याही अर्जाने विचारला नाही. विचारण्याची संधी एकट्या आम्हाला होती, आणि आम्हीही तो विचारला नाही.

आम्ही विचारले ते असे : "मराठीत काय कमी पडले?"

ती गोंधळली. मग पिशवीतून तिने दोन कागद काढले. एक होती बाजार समितीतल्या अडत्याने दिलेली सोयाबीनची हिशोबपट्टी. दुसरा होता चेक. नोव्हेंबरच्या 8 तारखेला नोटाबंदी झाली होती आणि बाजारात रोकड नव्हती. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि एका ओळीत 'कट्टी' म्हणून काही किलो वजा केलेले होते. कट्टी म्हणजे पोत्याचे वजन, माती, ओलावा अशा नाना नावांनी मालातून कापले जाणारे वजन. तिने ती ओळ दाखवली. म्हणाली, बाबा वीस वर्षे या पट्ट्या घरी आणून खुंटीच्या तारेला लावतात, पण कुणी वाचत नाही. तिने त्या सगळ्या काढून वाचल्या. कोणत्या वर्षी कट्टी किती कापली, ओलावा म्हणून किती गेले, कोणत्या अडत्याच्या पट्टीत कोणती ओळ मुद्दाम अस्पष्ट लिहिलेली असते, हे तिने वहीत मांडले होते. "सर, तुमीच शिकवलं ना, सांगनारा काय लपवते ते पाहाव म्हनून."

आम्ही ते शिकवले होते खरे. निवेदकावर विश्वास ठेवू नये, तो कुठे गप्प बसतो ते पाहावे, हे दरवर्षी सांगत आलो होतो. पण ते कथेच्या निवेदकाविषयी. अडत्याचा कारकून हाही एक निवेदक असतो आणि हिशोबपट्टी हीही एक संहिता असते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तिच्या आले होते.

हे तिचे पहिले उदाहरण नव्हते, आणि येथे आम्हाला आणखी एक कबुली द्यावी लागते. बी. ए.च्या शेवटच्या वर्षी उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीवर तिने एक टाचण लिहिले होते. वर्गातल्या इतरांनी कौतिकच्या सोशिकपणावर, वऱ्हाडी बोलीवर, मातृत्वावर लिहिले. हिने कौतिकच्या घरात पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने जातो, याची प्रकरणवार यादी केली आणि त्या यादीवरून म्हटले की, हे घर नशिबाने मोडत नाही. ते कसे मोडत जाते ते मोजता येते. आम्ही समासात लाल शाईने लिहिले : "हे साहित्य नव्हे, अर्थशास्त्र झाले." दहापैकी सहा गुण दिले. आज त्या टाचणाची प्रत आमच्याकडे असती तर ती आम्ही येथे सबंध उतरवून दिली असती. आमच्या अध्यापनाच्या वर्षांत 'धग'वर विद्यार्थ्याने लिहिलेले त्याहून चांगले काही आम्ही वाचलेले नाही.

आम्हाला असे का वाटले असावे, याचा विचार आम्ही पुष्कळ केला आहे. एक कारण आपल्या परंपरेतच आहे. आपल्या वाङ्मयात हिशोबाकडून शब्दाकडे आलेल्यांच्या कथा भक्तिभावाने सांगितल्या जातात. तुकोबांचे घराणे वाण्याचे, महाजनकी घरात. दुष्काळाने पेढी बुडाली, आणि परंपरा सांगते की भावाच्या वाट्याची खतपत्रे त्याला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली. एकनाथांची गोष्ट तर शाळेपासून ऐकलेली. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी जमाखर्च लिहिताना एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्र जागून काढली, आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. त्यावर स्वामींनी म्हटले ते प्रसिद्धच आहे : हेच चित्त देवाकडे लागले तर काय होईल! या दोन्ही कथा आम्ही वर्गात सांगत आलो आणि दोन्हींचा रोख एकाच दिशेने ठेवला. पेढी सोडणारा मोठा होतो. उलट दिशेने, अभंगाकडून पेढीकडे कुणी निघाले तर त्याचे पतन झाले, असे न बोलता ठरवले.

परंतु त्याच कथा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. एकनाथांची ती टाळी आधी पैसाठीच वाजली होती. चूक शोधण्याची ती चिकाटी पुढे ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीसाठी कामी आली, असे आम्ही आता विद्यार्थ्यांना सांगतो. खतपत्रे बुडवणाऱ्याला त्या कागदांत काय लिहिले आहे आणि ते ऋणकोला कसे आवळते, हे नीट वाचता येत होते. म्हणून ती बुडवण्याला अर्थ आला. आणि ज्या मराठीचा आपण अभिमान धरतो तिचे जुने कोरीव लेख तरी कशाचे आहेत? नांदगावच्या खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळात यादवकाळातला लेख आहे. तो दाखवायला आम्ही दरवर्षी मुलांना टेकडीवर नेत असू. तो दानाचा लेख आहे. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख, शके 1195 ते 1199 मधला, हा तर देणगीदारांची आणि देणग्यांची सरळ यादी आहे. आम्ही मुलांना त्यातली विभक्तिरूपे दाखवली. कोणी किती दिले, कशासाठी दिले, ते कुठे पोचणार होते, हे विचारायचे राहून गेले. आपली भाषा दगडावर चढली ती बव्हंशी जमाखर्च घेऊन.

आधुनिक काळातही ही भिंत वाटते तितकी जुनी नाही. 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे जोतीराव फुले बांधकामाचे ठेके घेत असत. दगड, चुना, मजुरी यांचा हिशोब त्यांना पाठ होता, आणि 'असूड' वाचताना ते जाणवते. नवकथेचे अध्वर्यू गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे अध्यापक होते, वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या कथेत सूक्ष्म मनोव्यापार आहेत म्हणून आम्ही त्यांना मराठी विभागाचे मानून टाकले आणि त्यांची दुसरी नोकरी परिचयाच्या ओळीत ढकलून दिली.

पण परंपरेवर सगळा भार टाकणे बरे नाही. दुसरे कारण खाजगी होते. आमच्या महाविद्यालयातून विद्यापीठाच्या मराठी विभागात जाऊन पुढे सेट होऊन प्राध्यापक होईल अशी ती पहिलीच विद्यार्थिनी, असे आम्ही मनाशी ठरवून ठेवले होते. तिला ते कधी विचारले नव्हते. ती पलीकडच्या विभागात गेली असती तर आमच्या आयुष्यभराच्या निवडीवर एक प्रश्नचिन्ह लागले असते, असे आम्हाला वाटले. वर्गातली सर्वांत चांगली वाचक जर मराठी सोडून जाते, तर आम्ही कशासाठी थांबलो? हा प्रश्न तिचा नव्हता, आमचा होता. उत्तर मात्र तिच्याकडून वसूल केले गेले.

दोन दिवसांनी तिचे वडील बाजाराच्या दिवशी भेटले. धोतर, पायांत मातीने भरलेल्या वहाणा, हातात रिकामी पिशवी. आम्ही त्यांना सांगितले की मुलगी हुशार आहे, तिला मराठी पूर्ण करू द्या, घेतलेले अर्धवट सोडू नये. पलीकडच्या विभागाचे नावही काढले नाही. ते म्हणाले, "आमाले काय समजते सर? तुमी म्हनसान तसं." पट्टीवर सही करतानाही ते अडत्याला हेच म्हणत असावेत. त्या वर्षीची परीक्षेच्या अर्जाची मुदत निघून गेली.

पुढचे थोडक्यात. 2017 चा हंगाम विदर्भाच्या कापसाला फार वाईट गेला; गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली. त्या उन्हाळ्यानंतर वडील पुन्हा भेटले तेव्हा सहज बोलण्यात म्हणाले, "जोडी इकून टाकली सर. बोंडअयीनं काईच ठेवलं नाई." बैलजोडी गेली ती आमच्यामुळे, असे म्हणणे अहंकाराचे होईल. अळीला आमचे मत विचारायचे नव्हते. पण मुलीला मिळवती होण्यास जो उशीर झाला त्यातले एक वर्ष आमच्या नावावर जमा आहे, आणि ज्या घरात एक वर्ष म्हणजे एक हंगाम असतो तिथे त्याची किंमत काय, हे मराठीच्या अध्यापकालाही मोजता येते. 'धग'वरच्या त्या टाचणातली पद्धत वापरली की पुरे.

ती एम. ए. झाली. चांगल्या गुणांनी झाली. 2018 मध्ये आम्हाला न विचारता तिने प्रवेश परीक्षा दिली आणि पलीकडच्या विभागात पहिल्या वर्षाला बसली. तेव्हा तिच्या वर्गातली बहुतेक मुले तिच्याहून लहान होती. 2020 मध्ये बाहेर पडली तेव्हा टाळेबंदी होती. मोठ्या शहरातल्या नोकऱ्या अडकलेल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना आणली होती. कंपनी कायद्यात शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीची तरतूद 2002 च्या दुरुस्तीने झालेली. तिचे वारे आता आमच्या तालुक्यापर्यंत पोचले. आता ती अशाच एका संस्थेचा हिशोब पाहते. सोयाबीन आणि तूर एकत्र करून विकणे, ओलाव्याचे यंत्र सभासदांसमोर लावणे, आणि ज्यात कुठलीही ओळ अस्पष्ट नाही अशी पट्टी देणे, हे तिचे काम.

आता धोरणे बदलली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत दुसऱ्या विद्याशाखेचा उपविषय घेता येतो, श्रेयांक साठवून ठेवता येतात. मराठीचा विद्यार्थी हिशोब शिकू शकतो आणि वाणिज्याचा विद्यार्थी कविता वाचू शकतो, निदान कागदावर. दुसरीकडे पदवीच्या पातळीवरील व्यवस्थापन अभ्यासक्रमांनाही 2024 पासून प्रवेश परीक्षा लागली. एक दार उघडते तेव्हा दुसऱ्यावर रखवालदार येतो. विद्यार्थी यांतून वाट काढतील. आमची चिंता अध्यापकाच्या मनातल्या दाराची आहे, कारण त्याला नियम नाही आणि त्याविरुद्ध अर्जही करता येत नाही.

विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या गाडगेबाबांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. दापुऱ्याला मामाकडे वाढत असताना मामाची जमीन सावकाराने गिळली. मामांनी ज्या कागदावर विश्वास ठेवला तो त्यांना वाचता येत नव्हता. पुढे गावोगाव शिकण्याचा आग्रह धरत फिरलेल्या या माणसाच्या आयुष्याच्या आरंभी न वाचलेला एक कागद आहे. त्यांच्या नावाच्या आवारात वाचायला शिकवणारा विभाग कोणता, मराठीचा की पलीकडचा, हे आता आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गेल्या वर्षी तिने आमच्याकडे संस्थेचा वार्षिक अहवाल पाठवला. सभासदांना समजावा म्हणून तो मराठीत लिहिला होता, आणि 'सर, भाषा तपासून द्या' एवढीच विनंती होती. आम्ही तो दोनदा वाचला. वाक्ये छोटी होती. तोटा जिथे झाला तिथे 'तोटा झाला' असे लिहिले होते आणि का झाला तेही लिहिले होते. आम्ही काही वेलांट्या दुरुस्त केल्या आणि एका ठिकाणी 'कट्टी' हा शब्द खोडून 'वजावट' केला. छापील अहवाल आला तेव्हा वेलांट्या आम्ही सुधारल्या तशा होत्या. 'कट्टी' मात्र परत आपल्या जागी बसली होती. सोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिले होते की, वजावट म्हटले तर सभासदांना ती सरकारने केली असे वाटते. कट्टी म्हटले की ती कोणी केली हे त्यांना बरोबर कळते.

तो अहवाल आम्ही यंदा एम. ए.च्या तयारीला बसणाऱ्या मुलांना वाचायला दिला. समासात काही लिहिलेले नाही. त्यांनी काय ते लिहावे.